चार लाखांच्या निधीतून किती मुलं शिकतील?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावातून शिकून नोकरीधंद्याला लागलेले चाळीस जण दरवर्षी प्रत्येकी दहा हजार रुपये काढतात, म्हणजे चार लाख जमतात. तालुक्यातल्या गरीब घरांतल्या, त्यातही घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींसाठी हे पैसे वापरायचे आहेत. आजवर सत्कार समारंभात गुणवंतांना पाच-पाच हजारांचे धनादेश दिले, पण त्यामुळे कुणाचं शिक्षण टिकलं असं दिसत नाही. मग पैसे द्यावेत कसे?

पहिली गोष्ट, फी भरायला सर्वांत शेवटी या. देणगीदारांना फी भरायला आवडतं, कारण पावती मिळते आणि पैसा कुठे गेला ते दिसतं. पण महाराष्ट्रात निदान कागदावर तरी सरकार सर्वांत जास्त भरपाई फीचीच करतं. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतून फी मिळते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. आणि ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयापासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. जे सरकार देणार आहे तेच तुम्ही दिलंत तर तुमच्या देणगीने सरकारचे पैसे वाचतात, मुलीचे नाही.

मग अडतं कुठे? एखादी फी-पावती ओळीओळीने वाचा. अशी मुलगी शासकीय प्रवेशफेरीतून खासगी इंजिनीअरिंग कॉलेजात गेली असं धरू. शिक्षण शुल्क, माफ. परीक्षा शुल्क, माफ. त्याखाली विकास शुल्क, पात्रता शुल्क, ग्रंथालय आणि प्रयोगशाळेची अनामत, विमा, ओळखपत्र. या ओळी माफ नाहीत. पावतीच्या बाहेर होस्टेलची अनामत, मेसचा एक महिन्याचा आगाऊ, गादी, बादली, ड्रॉइंगचं साहित्य, वर्कशॉपचा एप्रन, सायंटिफिक कॅल्क्युलेटर. आणि प्रवेशफेरीत जागा मिळाली की कॉलेजात हजर व्हायला हातात जेमतेम काही दिवस असतात. त्या दिवसांत घरात रोख रक्कम नसेल तर बाप सावकाराकडे जातो, नाहीतर मिळालेली जागा सोडून मुलगी जवळ जे असेल तिथे नाव घालते. सरकारी योजनेचे पैसे मात्र वर्ष संपता संपता, कधी तर पुढच्या वर्षात येतात.

साध्या बी.ए.-बी.कॉम.च्या मुलाची गत आणखी वाईट. त्याची फी कमी, म्हणून कुणी लक्ष देत नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत अनुसूचित जातीच्या, घरून ये-जा करणाऱ्या अशा मुलाला निर्वाहासाठी वर्षाला ३,००० रुपये ठरलेले आहेत, म्हणजे महिन्याला अडीचशे. वसतिगृहात राहत असेल तर ६,०००. इंजिनीअरिंग-मेडिकलच्या वसतिगृहातल्या मुलालासुद्धा १३,५००. मेसचा हिशेब करा, ही रक्कम दिवाळीपर्यंतही पुरत नाही.

आपल्याकडे हे नवीन नाही. वार लावून जेवून शिकण्याच्या काळातही गरीब मुलाचा पहिला प्रश्न पोटाचा आणि डोक्यावरच्या छपराचाच होता. राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात जातवार वसतिगृहं उभारली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात बोर्डिंग चालवलं आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ रुजवलं, पुण्यात १९५५ साली विद्यार्थी साहाय्यक समिती निघाली. या सगळ्यांनी आधी निवारा आणि जेवण पाहिलं. तुमच्या चार लाखांची दिशाही तीच असावी.

आता आकडे मांडू. महिन्याला २,५०० रुपये, दहा महिने, म्हणजे एका विद्यार्थ्यामागे वर्षाला २५,०००. ही रक्कम मेस किंवा खोलीभाड्याचा मोठा भाग उचलते, सगळा नाही, आणि तसंच असावं. चार लाखांची वाटणी अशी करता येईल: मासिक साहाय्य २,२५,०००, फिरता निधी १,००,०००, कागदपत्रं, अर्ज व परीक्षांचा प्रवास ५०,०००, आणि अचानक आलेल्या अडचणींसाठी २५,०००.

सव्वादोन लाखांत नऊ विद्यार्थी बसतात. इथेच बहुतेक गट चुकतात: पहिल्याच वर्षी नऊ मुलं घेतात. दुसऱ्या वर्षी तीच नऊ पुढच्या वर्गात गेलेली असतात, नवे अर्ज आलेले असतात आणि पैसे तेवढेच असतात. मग कुणाला तरी मध्येच सोडावं लागतं, किंवा २५ हजारांचे दहा हजार होतात. दुसऱ्या वर्षाला मध्येच सोडलेला मुलगा मदत न घेतलेल्या मुलापेक्षा जास्त अडचणीत असतो, कारण त्याने खर्चाची मांडणी तुमच्या भरवशावर केलेली असते. म्हणून पदवी तीन वर्षांची असेल तर दरवर्षी फक्त तीन नवी मुलं घ्या. चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचं मूल घेतलंत तर एका वर्षाची नवी जागा कमी होते, हे त्याच वेळी वहीत लिहा.

या पद्धतीत पहिल्या वर्षी ७५ हजार खर्च होतील आणि दीड लाख शिल्लक दिसेल. ती शिल्लक नाही. आधी घेतलेल्या मुलांच्या पुढच्या दोन वर्षांची ती हमी आहे. मुदत ठेवीत टाका. चाळीसपैकी आठ-दहा जणांचा हप्ता चुकला तरी मग कुणाची मेस बंद होणार नाही.

फिरता निधी हा यातला सर्वांत उपयोगी भाग आणि सर्वांत कमी वापरला जाणारा. प्रवेशाच्या आठवड्यात विद्यार्थ्याला दहा हजारांपर्यंत रक्कम बिनव्याजी हातउसनी द्यायची, आणि योजनेचे पैसे खात्यात आले की त्याने ती परत करायची. एक लाखात एका वेळी दहा मुलांची नड भागते, आणि पैसा परत आला की पुढच्या वर्षी पुन्हा तेच. सगळे पैसे परत येणार नाहीत, हे सुरुवातीलाच धरून चला आणि आकस्मिक निधीतून तूट भरा. वसुलीसाठी घरी माणूस पाठवू नका. एक मात्र बघा: अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राच्या वाट्याची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येते आणि त्यातली फीची रक्कम त्याने मुदतीत कॉलेजात भरायची असते. मुलांना हे कुणी सांगत नाही. पैसे घरखर्चात जातात आणि वर्षाअखेरीस कॉलेज निकाल किंवा दाखला अडवून धरतं. म्हणून पैसे आल्याचा मेसेज आला की आधी कॉलेजची फी, मग हातउसने, हा क्रम त्याला लिहून द्या.

कागदपत्रांसाठी ५० हजार जास्त वाटतील, पण सर्वांत स्वस्तात सर्वांत मोठं काम इथे होतं. जात वैधता प्रमाणपत्राचंच उदाहरण घ्या. राखीव जागेवर व्यावसायिक प्रवेश घेतला आणि मुदतीत वैधता हाती नसेल तर जागा खुल्या प्रवर्गात धरली जाते आणि लाखाची फी अंगावर येते. हे प्रमाणपत्र मिळायला महिने जातात, कारण जुना पुरावा लागतो: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा. तो बहुधा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यात, कोतवाल बुकाच्या नकलेत किंवा महसुली नोंदीत सापडतो. अशिक्षित घरात तो शोधायचा कुठे हेच माहीत नसतं, आणि सापडला तर नाव-आडनावात काना-मात्रेचा फरक निघतो. तुमच्यातल्या तहसीलची पायरी माहीत असलेल्या एका निवृत्त माणसाने अकरावीच्या मुलांचे हे कागद जमवून दिले तर ती मदत कुठल्याही धनादेशापेक्षा मोठी आहे. हे काम अकरावीच्या दिवाळीत सुरू करा. बारावीच्या निकालानंतर रांगेत उभं राहून उपयोग होत नाही. बाकीचे कागद म्हणजे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, लागू असेल तिथे नॉन-क्रिमी लेयर, आणि सगळीकडे आधारवरच्या नावाशी जुळणारं नाव.

याच टप्प्यावर आणखी एक इशारा मुलांच्या घरी जाऊन द्या. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशाला वर सांगितलेली फीमाफी मिळत नाही. ‘जागा पक्की, शिष्यवृत्ती आम्ही करून देतो’ म्हणणारे दलाल जून-जुलैत गावोगाव फिरतात, आणि नर्सिंग-फार्मसीसाठी परराज्यात नेऊन सोडलेली मुलं पहिल्याच वर्षी कर्जात अडकतात. प्रवेश घेतलाच असेल तर गप्प बसू नका: ठरलेल्या मुदतीत रद्द केला तर फी परत करण्याचे नियम विद्यापीठ अनुदान आयोग आणि तंत्रशिक्षण परिषद दोघांचेही आहेत, आणि मूळ कागदपत्रं अडवून ठेवण्याचा अधिकार कॉलेजला नाही.

निवड कशी करायची? गुणांची चाळणी फार बारीक ठेवू नका. नव्वद टक्क्यांच्या मुलापर्यंत कुणी ना कुणी पोहोचतं. आईबरोबर ऊसतोडीला जाऊन, वर्षातले चार-पाच महिने शाळेबाहेर काढून साठ टक्के मिळवणाऱ्या मुलीकडे कुणी बघत नाही. उत्पन्नाच्या दाखल्यावरही सगळा भरवसा टाकू नका. शेतमजुराचा आणि बागायतदाराचा दाखला कधी कधी एकाच आकड्याचा निघतो. घरी दोघांनी जा, त्यातली एक बाई असावी. घरात टीव्ही आहे का हे बघायचं नाही. कमावती माणसं किती, वर्षात कामाचे दिवस किती, कर्ज कुणाचं आणि कशासाठी, शिकणारी भावंडं किती, मुलीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत का, हे विचारा. शेवटचा प्रश्न नाजूक आहे, पण तोच बहुतेकदा शिक्षणाचा निकाल लावतो. कधी कधी पैशापेक्षा गावातल्या चार मोठ्या माणसांनी बापाशी बोलणं जास्त कामाला येतं. आणि व्यासपीठावर बोलावून, फोटो काढून मदत देणं आता बंद करा. अठरा वर्षांच्या मुलाला आपली गरिबी गावापुढे वाचून दाखवलेली कायम लक्षात राहते, आणि पुढच्या वर्षी खरा गरजू अर्जच करत नाही.

पैसे दर महिन्याच्या एक तारखेला थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जावेत. वर्षाची रक्कम एकदम दिली तर ती घरच्या अडीनडीत जाते, आणि त्यात दोष कुणाचा नसतो. बँकेतल्या अडचणी ठरलेल्या आहेत. शाळेत असताना उघडलेलं अज्ञानाचं, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाचं, खातं अठरा पूर्ण झाल्यावर नव्याने केवायसी करून बदलून घ्यावं लागतं, तोवर व्यवहार अडतात. अपुऱ्या कागदांवर उघडलेल्या ‘छोट्या खात्यात’ ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक आणि वर्षाला एक लाखापेक्षा जास्त जमा चालत नाही. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं. आणि सर्वांत मोठी गोंधळाची जागा म्हणजे आधार. खात्याला केवायसीसाठी आधार दिलं म्हणजे सरकारी पैसे त्याच खात्यात येतील असं नाही. ते येतात शेवटी ज्या बँकेशी आधार जोडलं गेलं तिथे. कॉलेजजवळ नवं खातं उघडताना मुलाने एका खुणेवर टिक केलेली असते आणि शिष्यवृत्ती त्या विसरलेल्या खात्यात जाऊन पडते. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती दिसते. प्रत्येक विद्यार्थ्याची सप्टेंबरमध्ये एकदा तपासा.

मदतीच्या पत्रात काय लिहिता यालाही महत्त्व आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेणाऱ्याला दुसरी शिष्यवृत्ती एकाच वेळी घेता येत नाही. मात्र पुस्तकं, साहित्य, निवास आणि जेवणासाठी दुसरीकडून मिळालेलं साहाय्य चालतं. म्हणून पत्रावर ‘शिष्यवृत्ती’ न लिहिता ‘निवास, भोजन व पुस्तकांसाठी साहाय्य’ असं लिहा आणि खरोखर त्यासाठीच द्या. शासकीय वसतिगृहाचा अर्ज प्रत्येकाने केलाच पाहिजे, अशी अट घाला. अनुसूचित जातीच्या मुलाला तिथे जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळू शकतात, आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. पण वसतिगृहाचा अर्जच नसेल तर पुढची वाट अवघड होते. स्वाधार मंजूर झालं की तुमची मासिक मदत थांबवून ती जागा दुसऱ्याला देता येते. मंजूर झालं म्हणून नाही, पैसे खात्यात आल्यावर.

आता टिकण्याबद्दल. गळती सुरू होते ती पहिल्या सत्रात. बारावीपर्यंत मराठीत शिकलेलं मूल अचानक इंग्रजीतल्या व्याख्यानात बसतं, शेजारच्यांना सगळं कळतंय असं त्याला वाटतं, आणि दिवाळीला घरी गेलेलं परत येत नाही. त्यामुळे प्रत्येक विद्यार्थ्यामागे तुमच्यापैकी एक माणूस नेमा, शक्यतो त्याच शाखेतून शिकलेला. पंधरा दिवसांतून एक फोन पुरे, पण दिवाळीची सुट्टी संपल्याच्या आठवड्यातला फोन चुकवू नका. ‘अभ्यास कसा चाललाय?’ या प्रश्नाला ‘चांगला’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: काल कोणता तास कळला नाही? मेसचे किती दिवस खाडे झाले? खोलीवर सोबत कोण आहे? जेवणाचे खाडे वाढले तर पैशाची चणचण किंवा मन लागत नसल्याची ती खूण असते.

एखादा विषय राहिला म्हणून मदत तोडू नका. वर्ष राहिलं की बहुतेक सरकारी योजनांचं नूतनीकरणही अडतं, म्हणजे नेमक्या त्याच वर्षी मुलगा सगळीकडून उघडा पडतो. एकदा नापास झालेल्याला एक वर्ष मदत चालू राहील, असा नियम आधीच लिहून ठेवा. नाहीतर त्या वेळी बैठकीत ‘आपले पैसे वाया गेले’ असा सूर निघतो आणि चर्चा भावनेवर जाते. अट घालायचीच तर हजेरीची घाला, आणि फोन उचलण्याची.

शिष्यवृत्ती देणाऱ्या मोठ्या संस्थांकडे मुलं पाठवणं हे तुमच्या गटाचं अर्धं काम समजा. लीला पूनावाला फाउंडेशन मुलींसाठी आहे, फाउंडेशन फॉर एक्सलन्स इंजिनीअरिंग-वैद्यकीय अशा व्यावसायिक पदवीसाठी, के. सी. महिंद्रा एज्युकेशन ट्रस्टची टॅलेंट शिष्यवृत्ती पॉलिटेक्निकच्या मुलांसाठी. रिलायन्स फाउंडेशनच्या पदवी शिष्यवृत्तीत पूर्ण अभ्यासक्रमासाठी दोन लाखांपर्यंत मिळतात, त्यासाठी ऑनलाइन चाचणी द्यावी लागते. यांचे अर्ज नाकारले जातात ते बहुतेकदा अर्धवट भरल्यामुळे, पुसट स्कॅनमुळे किंवा मुदत गेल्यामुळे. ऑगस्टमध्ये एका रविवारी शाळेत दोन लॅपटॉप, एक स्कॅनर आणि चांगलं इंटरनेट घेऊन बसलात तर दिवसभरात पंधरा-वीस अर्ज नीट जातात.

फीच खरोखर अडली, म्हणजे परराज्यातली नामांकित राष्ट्रीय संस्था वगैरे, तर कर्जाची वाट दाखवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत यादीतल्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदार लागत नाही, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात, म्हणजे परतफेडीचे हप्ते सुरू होईपर्यंत, तीन टक्के व्याजसवलत आहे. साडेचार लाखांच्या आतल्या घरांना तंत्र व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी त्या काळातलं पूर्ण व्याज मिळण्याची तरतूद आहे. पण तुम्ही स्वतः कर्ज देऊ नका. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देते आणि ते तिथे शोभतं, कारण शिकून आलेल्याला पगार असतो. पहिल्या पिढीतल्या बी.ए.च्या मुलीच्या डोक्यावर परतफेड ठेवली तर तिसऱ्या वर्षानंतर ती एम.ए.चा विचारच करत नाही.

राहिला प्रश्न गटाच्या हिशेबाचा. चाळीस जणांचे पैसे एकाच्या वैयक्तिक खात्यात जमवणं आजच थांबवा. त्या माणसाला काही झालं तर पैसे वारसांकडे अडकतात, आणि प्राप्तिकर खात्याला उत्तर त्यालाच द्यावं लागतं. स्वतंत्र ट्रस्ट करायचा तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी, दरवर्षी लेखापरीक्षण, विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज, आणि देणगीदारांना करसवलत हवी असेल तर प्राप्तिकराची वेगळी नोंदणी, एवढं सगळं सांभाळावं लागतं. दोन हजारांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही, तेव्हा सगळं बँकेतूनच घ्या. चार लाखांसाठी पहिली दोन-तीन वर्षं हा व्याप करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तालुक्यातल्या एखाद्या नोंदणीकृत, हिशेब चोख असलेल्या संस्थेशी लेखी करार करा, तुमचा निधी वेगळ्या शीर्षाखाली ठेवायला सांगा आणि निवडीचा अधिकार आपल्या समितीकडे ठेवा.

सुरुवात यंदाच्या अकरावीच्या वर्गापासून करा. वर्गशिक्षकांकडून यादी घ्या आणि प्रत्येक नावापुढे चारच रकाने आखा: जात वैधता, उत्पन्नाचा दाखला, आधार-बँक जोडणी, वसतिगृहाचा अर्ज. बारावीच्या निकालाच्या दिवशी त्या चारही रकान्यांत खूण असलेली मुलं किती, ते मोजा.